ओटा, फरशी आणि फडताळ

गेल्या महिन्यांत सोलापुराकडील एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या घरचें जुनें स्वयंपाकघर मोडून नवें करावयाचें आहे. ओट्याला कोणता दगड घ्यावा, खालीं कोणती फरशी घालावी आणि कपाटें कशाचीं करावीं, या तीन प्रश्नांवर घरांत चार मतें झालीं आहेत. यजमान ग्रॅनाइट म्हणतात, दीर क्वार्ट्झ म्हणतात, थोरला मुलगा पांढऱ्या चकचकीत फरशीवर अडून बसला आहे, आणि धाकट्याला सारीं कपाटें परदेशी धर्तीचीं हवीं आहेत. "आतां तुम्हीच निकाल द्या," असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे.

निकाल देण्याचा अधिकार मला अभ्यासानें आलेला नाहीं. तो एका चुकीमुळें आला. चूक माझी होती आणि तिची किंमत माझ्या थोरल्या जाऊबाईंनीं दिली. म्हणून पत्राचें उत्तर देण्यापूर्वीं ती हकीकत सांगणें मला प्राप्त आहे.

आमचें सासर खर्ड्याचें. जामखेडपासून बारा मैलांवर, बालाघाटाच्या डोंगरांजवळ हें गांव आहे. निंबाळकरांनीं १७४३ सालीं बांधलेला किल्ला तेथें अद्यापि उभा आहे. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांशीं झालेल्या लढाईंत मागें हटलेल्या निजामअल्लीनें त्याच किल्ल्याच्या तटाआड आसरा घेतला होता, हें गांवांतील शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. लग्न होऊन आलेल्या सुनेला मात्र खर्डा कळतो तो पाण्यावरून. हा सारा टापू अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळांत एक घागर किती माणसांत पुरवावी लागे, हें सासूबाई सांगूं लागल्या म्हणजे त्यांचा हात नकळत हंड्याच्या झांकणाकडे जाई. पावसानें पाठ फिरविली कीं आजहि टँकरची वाट पाहावी लागते. अशा गांवांत स्वयंपाकघर बांधतांना पाणी कोठें साठवावयाचें, सांडलेलें पाणी कोठें जावयाचें आणि ओल्या जमिनीवरून माणसानें चालावयाचें कसें, हे प्रश्न दगडाच्या रंगापेक्षां आधीं येतात. आम्हांला तें उशिरां कळलें.

वाड्यांतील जुनें स्वयंपाकघर मीं पाहिलें तेव्हां तें सासूबाईंच्या हातचें होतें. काळ्या दगडाच्या मातींत बांधलेल्या रुंद भिंती, वर माळवद, आणि धुरानें काजळून गेलेल्या तुळया. चूल आणि तिच्या शेजारचा वैल जमिनीसरसा. भिंतींत तीन फडताळें, दोन कोनाडे, आणि एका बाजूस दुभत्याचें जाळीचें कपाट. जमिनीला शहाबादी फरशी होती. ती मामंजींच्या लग्नाच्या वेळीं घातलेली. सारा स्वयंपाक पाटावर बसून व्हावयाचा. पुढें गॅस आला, तेव्हां एका कोपऱ्यांत कडाप्प्याचा लहानसा ओटा झाला, आणि बसून करावयाचें निम्में काम उभ्यानें होऊं लागलें. जागा मात्र तीच राहिली.

२०१२ सालीं पुण्यास असणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनीं स्वयंपाकघर नवें करावयाचें मनावर घेतलें. पैसा त्यांचा, हौसहि त्यांची. मी त्या वेळीं त्यांच्याकडेच गेलें होतें, म्हणून फरशी पसंत करावयास आम्ही दोघें मिळून गेलों. दुकानांत दिव्यांच्या लखलखाटांत दोन फुटी पांढऱ्या फरशा मांडल्या होत्या. त्यांत स्वतःचें तोंड दिसे. मीं त्याच पसंत केल्या. जाऊबाईंना फोनवरून सांगितलें, तेव्हां त्यांनीं एकच विचारलें, "अगं, ओली झाल्यावर पाय ठरतो ना तिच्यावर?" मीं हंसून म्हटलें, "जाऊबाई, पुण्यांत सगळीकडे हीच घालतात."

जुनी शहाबादी फरशी उखडून परसांत भिंतीला टेकून ठेवली, आणि नवें स्वयंपाकघर पाहावयास आळींतलीं माणसें येऊन गेलीं.

तीन वर्षांनीं गौरीच्या जेवणाच्या दिवशीं तें घडलें. वड्यांच्या कढईंतील दोन-चार थेंब तेल खालीं पडलेलें, त्यावरून तांदूळ धुतलेल्या पाण्याचा ओघळ गेलेला. पांढऱ्या फरशीवर तें कोणाला दिसलें नाहीं. जाऊबाई पुरणाचें पातेलें घेऊन वळल्या आणि पाय सरकून खालीं आल्या. त्या वेळीं त्यांचें वय एकसष्ट होतें. खुब्याचें हाड मोडलें. नगरास नेऊन शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने अंथरुणावर गेले, आणि पूर्वीं साऱ्या वाड्यांत भिंगरीसारख्या फिरणाऱ्या जाऊबाई काठी घेऊन चालूं लागल्या. त्यांनीं मला एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं. लावला असता तर मला बरें वाटलें असतें.

गेल्या वर्षीं तें स्वयंपाकघर पुन्हां उघडलें. मोरीची गळती भिंतींत उतरली होती आणि ओट्याखालचीं कपाटें वाळवीनें पोखरलीं होतीं. माजघरांत बसून सारे पुनः निरनिराळीं नांवें सुचवूं लागले, तेव्हां थोरले भाऊजी म्हणाले, "या खेपेला हिला विचारा." हें एकच वाक्य, पण तें दहा वर्षें आधीं कोणी बोललें असतें तर! जाऊबाईंनींहि लाजून मान हलविली नाहीं. त्यांनीं जें केलें तें मी येथें सविस्तर सांगतें, कारण माझ्या मतें पत्रांतील प्रश्नांचें अर्धें उत्तर त्यांतच आहे.

त्यांनीं प्रत्येक जातीच्या फरशीचा एकेक तुकडा मागविला आणि परसांतील जुन्या शहाबादीचा एक तुकडा त्यांच्या रांगेंत ठेवविला. चौकांत सारे तुकडे मांडून त्यांवर प्रथम पाणी, मग तांदळाचें धुवण, आणि शेवटीं पळीभर गोडेतेल ओतविलें. एका हातानें खांब धरून त्या अनवाणी पायांनीं एकेका तुकड्यावर उभ्या राहिल्या. त्यांचा दुसरा हात मीं धरला होता. चकचकीत तुकड्यावर पाय ठेवतांच त्यांची बोटें माझ्या हातांत रुतलीं. त्यांनीं पाय उचलला आणि म्हटलें, "हा नको."

आतां या परीक्षेंतून आणि मागाहून केलेल्या चौकशींतून काय निष्पन्न झालें तें सांगतें.

फरशीविषयीं प्रथम. हल्लीं बाजारांत ज्या व्हिट्रिफाइड फरशा मिळतात, त्या भट्टींत इतक्या कडक भाजलेल्या असतात कीं त्यांच्या वजनाच्या शेंकडा अर्ध्या भागाहूनहि कमी पाणी त्यांत शिरतें. त्यामुळें हळद, तेल यांचे डाग त्यांत मुरत नाहींत, हा त्यांचा गुण. परंतु घोटून आरशासारखी केलेली फरशी ओली झाली कीं पायाला धरत नाहीं. तीच फरशी मॅट, म्हणजे बिनचकाकीची, मिळते. तिच्यावर घसरण्यासंबंधीं 'आर ९' पासून 'आर १३' पर्यंत अंक असतात; अंक जितका मोठा तितकी पकड अधिक. घरच्या स्वयंपाकाला 'आर १०' पुरेशी आहे. याहून खडबडीत घेतल्यास खांचांत पीठ आणि तेल बसतें व ती घांसून धुण्यास पाणी फार लागतें. आमच्यासारख्या गांवांत तेंहि परवडत नाहीं.

शहाबादी फरशी ओलसर असतांनाहि पायाला सर्वांत घट्ट वाटली. ती हल्लीच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादची. हें गांव सोलापूर-वाडी या लोहमार्गावर असल्यामुळें तो दगड आपल्या देशावरील घरांत पिढ्यान्‌पिढ्या आला. पण तो चुनखडकाचा दगड आहे. त्यांत तेल मुरतें, आणि लिंबू-चिंच सांडल्यास पांढरे डाग पडतात. तेव्हां आम्हीं विभागणी केली. ओट्यापुढें आणि जेवावयाच्या जागीं फिक्या मातकट रंगाची मॅट फरशी. मोरी, पाण्याचीं पिंपें आणि परसाकडे जाणारी वाट एवढ्या ठिकाणीं परसांतील जुनी शहाबादी. मामंजींच्या लग्नांतली फरशी अशी पुन्हां घरांत आली. मातकट रंग मुद्दाम घेतला, कारण त्यावर सांडलेलें पाणी आणि तेल यांची काळसर ओल लगेच दिसते. मोरीकडे दर दहा फुटांस इंच-सव्वा इंच उतार ठेवविला. उतार देण्याचें काम गवंडी विसरतात, म्हणून फरशी बसण्यापूर्वीं गोटी सोडून पाहावी. ती मोरीकडे गेली पाहिजे.

आतां ओटा. येथें प्रत्येक गृहिणीनें एक सोपी परीक्षा शिकून ठेवावी. दगडाच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाव तास थांबावें आणि पुसून पाहावें. चकाकी गेली तर तो दगड चुन्याच्या जातीचा. संगमरवर, कडाप्पा, कोटा, शहाबादी हे सारे त्या जातीचे आहेत. आंबट त्यांना खातें. आपल्या ओट्यावर रोज चिंच कोळली जाते, लिंबें चिरलीं जातात, ताक सांडतें. त्यावर हे दगड फार दिवस साजरे राहात नाहींत. ग्रॅनाइटावर लिंबाचा परिणाम होत नाहीं व गरम पातेल्यानेंहि सहसा कांहीं होत नाहीं. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो दगड विकतात, तो पुष्कळदां भूशास्त्राप्रमाणें ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्याच्या काळ्या दगडाचा जवळचा नातलग. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र फिकट दगड रंगवूनहि काळा करतात. नखांचा रंग काढण्याचें द्रव्य फडक्यावर घेऊन घांसावें. फडकें काळें झालें तर तो दगड परत करावा.

क्वार्ट्झचा ओटा दिसावयास फार सुंदर असतो, हें मान्य आहे. पण तो खाणींतला अखंड दगड नव्हे. गारेची पूड आणि चिकट राळेसारखें रासायनिक द्रव्य एकत्र दाबून त्याची लादी करतात. डाग त्यावर पडत नाहींत; परंतु त्या द्रव्यामुळें चुलीवरून उतरलेलें तापलेलें पातेलें सरळ ठेवल्यास कायमची खूण उठते. आपल्याकडे सणावारीं चार पातेलीं एकदम उतरतात, तेव्हां प्रत्येक वेळीं खालीं चुंबळ किंवा फळी ठेवण्याची शिस्त कोण पाळील?

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. या लाद्यांत सिलिकेचें प्रमाण शेंकडा नव्वदाच्या वर असूं शकतें. त्या कापतांना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुफ्फुसांत बसून सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग होतो. ऑस्ट्रेलियांत कित्येक तरुण कामगार त्यानें ग्रासले, तेव्हां तेथील सरकारांनीं १ जुलै २०२४ पासून असल्या लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटांतहि सिलिका असतेच, पण पुष्कळ कमी. आमच्याकडे ओटा कापावयास आलेला पोरगा कोरडाच दगड कापूं लागला, तेव्हां क्षणांत त्याच्या भिंवया पांढऱ्या झाल्या. जाऊबाईंनीं काम थांबवविलें. दगड परसांत नेवविला, पात्यावर पाण्याची धार धरावयास एक माणूस उभा केला आणि मुलाला तोंडावर बांधावयाची जाड मुखपट्टी आणून दिली. दोन घागरी पाणी गेलें. खर्ड्यांत दोन घागरींचा हिशेब होतो. तरीहि त्या दिवशीं कोणी केला नाहीं.

ओट्याची उंची हा तर दगडाहूनहि महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो विचारला जातो सर्वांत शेवटीं. उभें राहून हात कोपरांत वांकवावा, जमिनीपासून कोपरापर्यंतचें अंतर मोजावें आणि त्यांतून चार इंच वजा करावे. चिरण्या-ढवळण्याला ती उंची सोईची पडते. कणीक मळण्यास व पोळ्या लाटण्यास आणखी दोन इंच कमी असलेले बरे. आमच्या घरीं तीन बायका राबणाऱ्या: जाऊबाई सर्वांत ठेंगण्या, मी मध्यम, आणि नवी सून उंच. तिघींचीं मापें घेऊन ओटा साडेबत्तीस इंचांवर ठरविला. शिवाय खिडकीखालीं अठरा इंच उंचीचा एक लहान कट्टा केला. त्याच्यापुढें बुटक्या स्टुलावर बसून जाऊबाई भाजी निवडतात, पोळ्या लाटतात. काठी अडकविण्यास शेजारींच एक खुंटी मारली आहे.

बसून काम करण्याची ही सोय मागासलेली आहे असें कोणी समजूं नये. १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकर्त्रीनें जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं स्वयंपाकघराचा एक नमुना तयार केला. बाईंचीं पावलें आणि वेळ मोजून तो आंखला होता, आणि त्यांत बसून काम करण्यासाठीं स्टूलहि दिलेलें होतें. तशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें झालीं, आणि आजचीं 'मॉड्युलर' म्हणविणारीं सारीं त्याच्याच वंशांतलीं. पण तें स्वयंपाकघर सुमारें सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब, एकट्या बाईनें राबावयाचें. आपल्या एकत्र कुटुंबांत एक पोळ्या करते, दुसरी वाढते, तिसरी मोरीपाशीं असते. तो नमुना जसाच्या तसा उचलला तर बायका एकमेकींवर आदळतील. ओटा आणि समोरचें कपाट यांत निदान चार फूट मोकळे ठेवावे. हातांत गरम पातेलें असलेल्या बाईच्या पाठीमागून दुसरीला निर्धास्त जातां आलें पाहिजे.

राहिलीं कपाटें. येथें आमचा सुतार आणि जाऊबाई यांचा वाद झाला. सुताराच्या मतें फडताळें बुजवून त्यांवर प्लायवुडचीं कपाटें ठोकावीं. जाऊबाई म्हणाल्या, "पहिल्या खेपेला वाळवी कशाला लागली? फडताळाच्या सागवानाला कीं तुमच्या नव्या फळ्यांना?" त्यावर सुतार गप्प बसला. मातींत बांधलेल्या जुन्या भिंतीला वाळवीचें भय नित्य असतें. भुशाच्या दाबीव फळ्या, मग त्यांना एमडीएफ म्हणा कीं पार्टिकल बोर्ड, पाणी पिऊन फुगतात. मोरीजवळ त्यांना मुळींच थारा देऊं नये. प्लायवुड घ्यावयाचेंच तर भारतीय मानकाचा 'आय. एस. ७१०' हा शिक्का असलेलें मरीन जातीचें घ्यावें, आणि तें भिंतीला चिकटवूं नये. मागें बोटभर हवा खेळूं द्यावी.

आम्हीं तिन्ही फडताळें ठेवलीं. दारें उतरवून तासविलीं, तेलपाणी केलें. ओट्याखालीं मात्र कडाप्प्याचे उभे व आडवे फळे बसविले. ओट्यावर जो दगड आंबटानें खराब होतो, तोच खालीं डब्यांसाठीं उत्तम. त्याला वाळवी लागत नाहीं आणि ओल आली तरी तो फुगत नाहीं. ताटें, वाट्या आणि रोजचीं पातेलीं यांसाठीं तीनच पोलादी ट्रॉल्या घेतल्या. त्या '३०४' जातीच्या पोलादाच्या असाव्या; त्यांत शेंकडा अठरा भाग क्रोमियम व आठ भाग निकेल असतें, म्हणून गंज सहसा चढत नाहीं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो आणि तें चिकटलें नाहीं म्हणजे माल अस्सल म्हणतो. त्यावर भिस्त ठेवूं नये. '२०२' या हलक्या जातीलाहि चुंबक चिकटत नाहीं. बिलावर जातीचा अंक लिहून घ्यावा, हाच उपाय.

रोज लागणारी प्रत्येक वस्तु गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचींत बसवावी. छताला भिडलेलीं कपाटें फोटोंत छान दिसतात, पण त्यांसाठीं म्हाताऱ्या माणसाला स्टुलावर चढावें लागतें. आणि पाण्याच्या पिंपांची जागा नकाशांत आधीं काढावी. दोनशें लिटरचें पिंप भरलें म्हणजे पाण्याचेंच वजन दोनशें किलो होतें. तें मागाहून कोठें तरी सरकवूं म्हणून चालत नाहीं. आमचीं दोन पिंपें मोरीच्या काठाशीं, शहाबादीवर, जाण्यायेण्याच्या वाटेबाहेर आहेत.

खर्चाविषयीं एवढेंच सांगतें कीं, जें ओलें होतें, जें तापतें आणि ज्यावर माणसाचा पाय पडतो, तेथें हात आंखडूं नये. जें नुसतें चमकतें तेथें खुशाल आंखडावा.

यंदा गौरी जेवल्या त्या दिवशीं जाऊबाई कट्ट्याशीं बसून पोळ्या लाटीत होत्या. मी कढईजवळ उभी होतें. माझ्या हातून तेलाचे थेंब सांडले आणि मी पुसावयास वांकलें. जाऊबाई म्हणाल्या, "पूस बाई, पण घाबरूं नकोस. ही धरते पायाला." मग त्या काठी टेकून उठल्या आणि पहिलें पुरणाचें ताट स्वतः नेऊन गौरीपुढें ठेविलें. तीं दहा पावलें मीं श्वास रोधून मोजलीं.

तेव्हां, भगिनी, आपल्या पत्राचें उत्तर असें: ओट्याला ग्रॅनाइट, खालीं मॅट फरशी, ओट्याखालीं कडाप्पा, आणि घरांत जुनीं फडताळें असल्यास तीं राखा. पण हा निकाल कायम करण्यापूर्वीं एक गोष्ट करा. आपल्या पत्रांत यजमानांचें मत आहे, दिरांचें आहे, दोन्ही मुलांचें आहे. आपल्या सासूबाई अजून सकाळचा स्वयंपाक करतात, असें आपणच एका ओळींत ओझरतें लिहिलें आहे. त्यांचें मत काय, हें पत्रांत कोठेंच नाहीं. आणि आपलें स्वतःचेंहि नाहीं. दोघींनीं मिळून फरशीचे चार तुकडे मागवा, अंगणांत मांडा, पाणी ओता, आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना त्यांवर उभें करा. मग काय ठरलें तें मला अवश्य कळवा.